अभिप्रायार्थ आलेली पुस्तकं

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. भिवंडीतल्या एका ज्युनिअर कॉलेजात मी जीवशास्त्र शिकवत होते. आमच्या वक्तृत्व स्पर्धेला परीक्षक म्हणून ठाण्याच्या एका लहानशा दैनिकाचे रविवार पुरवणीचे संपादक आले होते. चहाच्या वेळी ते म्हणाले, "विज्ञानाची पुस्तकं येऊन पडतात हो आमच्याकडे. कवितासंग्रह म्हटला की दहा जण धावत येतात. मेंदू म्हटलं की कुणी हात लावत नाही. तुम्ही लिहाल का?"

मला आभाळ ठेंगणं झालं. मी लगेच हो म्हटलं.

आठवड्याभरात पहिलं पुस्तक आलं. आतल्या पानावर 'अभिप्रायार्थ' असा जांभळा शिक्का. पुस्तक मेंदूबद्दल होतं. माणूस मेंदूचा फक्त दहावा भाग वापरतो, बाकीचा झोपलेला असतो आणि तो जागा करण्याचे उपाय या पुस्तकात आहेत, असं लेखकाचं म्हणणं. त्यातला एक उपाय म्हणजे डाव्या हाताने जेवायचं. मी तो आईला वाचून दाखवला. आई भिवंडीजवळच्या कोन गावाकडची, शाळेचं तोंड न पाहिलेली. ती म्हणाली, "डाव्या हातानं जेवाया मानूस लहान हाय काय?" आणि भाकरी थापायला लागली.

मी तीन रविवार खपून परीक्षण लिहिलं. पुस्तकाची भाषा खरंच सोपी होती, मज्जापेशींची माहिती चांगली दिली होती, ते सगळं आधी लिहिलं. मग शेवटी लिहिलं की दहाव्या भागाची गोष्ट ही निव्वळ थाप आहे, मेंदूचा कुठलाही कोपरा रिकामा पडून नसतो. आधी कौतुक करावं, मग दोष सांगावेत, हीच रीत मला ठाऊक होती.

रविवारी छापून आलं. कौतुक होतं तेवढं सगळं आलं. थापेचा परिच्छेद नव्हता. त्याच्या जागी साड्यांच्या सेलची जाहिरात होती.

मला वाईट वाटलं, पण बाबांना नाही. बाबा तार ऑफिसातून निवृत्त झाले होते. आम्ही बौद्ध. आमच्या वस्तीत वर्तमानपत्रात नाव छापून आलेली पहिली बाई मी. बाबांनी तो अंक विहारात नेला, शेजारच्या यंत्रमागाच्या कारखान्यातल्या लूमवाल्या चाचांनाही दाखवला. चाचांना मराठी वाचता येत नव्हतं, तरी त्यांनी माझ्या नावावर बोट ठेवून विचारलं, "ये बिटिया का नाम है?" बाबांच्या तोंडावरचा आनंद पाहून मी त्यांना कापलेल्या परिच्छेदाचं सांगितलं नाही. जागेची अडचण असेल, म्हटलं.

दुसरं महत्त्वाचं पुस्तक आहाराचं होतं. त्या काळी अशा पुस्तकांना ऊत आला होता. याचा लेखक डॉक्टर नव्हता, पण फोटोत पांढरा कोट घालून बसला होता. कारलं, मेथी, जांभळाच्या बिया यांची एक ठरलेली न्याहारी घ्यायची, भात सोडायचा आणि मधुमेहाच्या गोळ्या हळूहळू बंद करायच्या. शरीर आपोआप ताळ्यावर येतं म्हणे. भाज्यांबद्दलची काही प्रकरणं बरी होती. गोळ्यांचं प्रकरण मी दोनदा वाचलं, कारण बाबांना बारा वर्षांपासून मधुमेह होता.

या वेळी मी शब्द मवाळ ठेवले नाहीत. 'हा सल्ला पाळला तर माणूस जिवाला मुकेल' असं स्पष्ट लिहिलं. पण लिहिलं शेवटीच. जुनी सवय.

छापून आलं त्यात पालेभाज्यांचं कौतुक होतं, 'ओघवती शैली' होती, 'छपाई सुबक' होती. जिवाला मुकण्याचा भाग गळाला होता. आमच्या परीक्षा चालू होत्या, पेपरांचे गठ्ठे घरात पडले होते. मी संपादकांना एक चिडकं पोस्टकार्ड टाकलं आणि कामाला लागले. घरात काही सांगायचं राहूनच गेलं.

बाबा हल्ली भात खात नाहीत, हे मला दिसत होतं. ते चांगलंच, असं मला वाटलं. ते वाळले, सारखं पाणी प्यायला लागले, तेव्हा मात्र मला शंका आली. एकदा त्यांच्या चपलेने पायाला लागलं. अंगठ्याशेजारच्या बोटावरची ती जखम भरेचना, काळी पडत चालली. मी आईला विचारलं, "बाबा गोळ्या घेतात ना?"

आई म्हणाली, "गोल्या न्हाय खात ते. कारल्याचा रस पितात. तुज्याच पेपरात हाय म्हनं."

मी तशीच बाबांसमोर जाऊन उभी राहिले. ते कॉटवर बसून तेच पुस्तक वाचत होते. वाचनालयातून आणलेलं.

"बाबा, गोळ्या कधीपासून बंद केल्यात?"

"तू लिहिलंस तेव्हापासून."

"मी असं कुठे लिहिलंय?"

"चांगलं पुस्तक आहे असं लिहिलंस की. खोटं असतं तर तू तसं लिहिलं असतंस. तू काय कुणाची भीड ठेवतेस?"

मी लिहिलं होतं. बाबांना सांगितलं की लिहिलं होतं, पेपरवाल्यांनी कापलं. बाबांनी पुस्तक मिटलं. तार ऑफिसात उभा जन्म काढलेला माणूस. दुसऱ्याच्या मजकुरातला एक शब्द गाळणं म्हणजे त्यांच्या लेखी पापच. ते म्हणाले, "असं कसं कापतील? मजकूर तुझा आहे."

सरकारी दवाखान्यात त्यांचं ते बोट कापावं लागलं. पाय वाचला, हे नशीब. ड्रेसिंग करणाऱ्या सिस्टरने सांगितलं, कारल्यावर राहिलेला हा या महिन्यातला पहिला पेशंट नाही. ते ऐकून मला रडूही आलं नाही. डोक्यात नुसता जाळ झाला.

मी एसटीने ठाण्याला गेले. संपादकांनी शांतपणे ऐकून घेतलं, वडिलांची चौकशी केली, चहा मागवला.

"बाई, यात हेतू काही नसतो हो," ते म्हणाले. "जाहिरात आली की जागा कमी पडते. आमचा माणूस तळातून ओळी कापतो. तो मजकूर वाचत नाही."

"वाचत नाही?"

"वाचायला वेळ कुठे असतो? तुम्ही महत्त्वाचं वर घ्यायला हवं होतं."

निदान खुलासा छापा, असं मी म्हटलं. पुस्तकाच्या परीक्षणाला कुणी खुलासा छापत नाही, असं ते म्हणाले. वर मी निघताना माझ्या हातात नवीन पुस्तक ठेवलं. "आनुवंशिकतेवर आहे. मोठे डॉक्टर आहेत लेखक. तुमचाच विषय." मी ते तिथेच टेबलावर ठेवून निघून यायला हवं होतं, असं आमच्या स्टाफरूममधल्या सगळ्यांचं मत पडलं. मी ते घेऊन आले, कारण यापुढे महत्त्वाचं वर घ्यायचं हे मला आता कळलं होतं.

पुस्तकाची पहिली शंभर पानं मला आवडली. गुणसूत्रं, जनुकं, डोळ्यांचा रंग, रक्तगट, सगळं छान समजावलेलं. मग एक प्रकरण आलं, 'घराण्याचं देणं'. त्यात लिहिलं होतं की पिढ्यान् पिढ्या ज्या घरांत विद्या होती त्या घरांच्या बीजात बुद्धी उतरलेली असते. ज्या घरांत अंगमेहनत होती त्यांच्या बीजात बळ उतरतं. म्हणून लग्नं जुळवताना पूर्वजांनी जे नियम केले ते अडाणी नव्हते. जातीचं नाव कुठेही घेतलं नव्हतं. घ्यायची गरजच नव्हती. कष्टाने कमावलेलं बापाकडून मुलाच्या बीजात उतरत नाही, हे मी अकरावीच्या पोरांना पहिल्याच महिन्यात शिकवत होते. या गृहस्थांनी शंभर पानं तेच शिकवलं होतं आणि मग एकशे एकाव्या पानावर त्यावर बोळा फिरवला होता.

मी परीक्षणाची सुरुवातच त्या प्रकरणाने केली. पहिले दोन परिच्छेद त्यावरच. बाकीची शंभर पानं चांगली आहेत, हे तळाला. कापा आता तळातून, म्हटलं.

छापून आलं तेव्हा परीक्षण तिसऱ्या परिच्छेदापासून सुरू होत होतं.

मी कॉलेजातून फोन लावला. संपादक म्हणाले, "सुरुवात फार जड वाटत होती, बाई. वाचक पानच उलटतो. आणि डॉक्टरसाहेब आमच्या मालकांच्या ओळखीचे आहेत. आता खरं बघा, परीक्षण किती प्रसन्न झालंय!"

प्रसन्न इतकं झालं की डॉक्टरसाहेब खूश झाले. भिवंडीच्या वाचनालयात त्यांच्या पुस्तकावर कार्यक्रम ठरला. स्थानिक परीक्षक म्हणून बोलायला मला बोलावलं. बोलण्यातून कुणी ओळी कापू शकत नाही, असा विचार करून मी गेले. बाबा पायाला पट्टी बांधलेली असताना हट्टाने बरोबर आले.

हॉल भरला होता. शेजारच्या गल्लीतल्या लूमचा खडखडाट खिडक्यांतून आत येत होता, म्हणून सगळ्यांनाच मोठ्याने बोलावं लागत होतं. मी दोन मिनिटं पुस्तकाची चांगली बाजू सांगितली आणि मग ते प्रकरण उघडून वाचून दाखवलं. हे विज्ञान नाही, असं सांगितलं, का नाही तेही सांगितलं. हॉलमध्ये चुळबुळ सुरू झाली. डॉक्टरसाहेब हसतमुखाने उठले. माइक हातात घेऊन म्हणाले, "बाईंचा अभ्यास चांगला आहे. पण हा विषय त्यांना वैयक्तिक वाटला असावा. आपण त्यांची भावना समजून घेऊ."

लोकांनी समजून घेतल्यासारख्या माना हलवल्या. त्या हलणाऱ्या माना मला अजून दिसतात.

मी पुन्हा उभी राहिले. माइक मिळाला नाही, तशीच बोलले. "माझे आजोबा गावात मेलेली गुरं ओढायचे. त्यांच्या मुलाने तार ऑफिसात इंग्रजी तारा वाचल्या. मी जीवशास्त्र शिकवते. एवढ्या दोन पिढ्यांत बीज बदलत नसतं, डॉक्टर. मध्ये शाळा आली. तुमच्या पुस्तकात शाळेवर एकही पान नाही. ही भावना नाही, हा तुमच्या पुस्तकातला दोष आहे."

अध्यक्षांनी घंटी वाजवली. वेळ झाली म्हणाले. मग आभार आणि कांदेपोहे. एक ओळखीचे शिक्षक माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, "मुद्दा बरोबर होता तुमचा. पण समारंभात नको होतं." डॉक्टरसाहेबांपुढे सह्या घ्यायला रांग लागली होती. वाचनालयाने आणलेल्या सगळ्या प्रती संपल्या.

रिक्षात बाबा घर जवळ आल्यावर म्हणाले, "आवाज चढला होता तुझा."

"लूम चालू होते, बाबा."

"म्हणूनच म्हणतो. मागपर्यंत ऐकू आलं."

दैनिकात त्या कार्यक्रमाची बातमी आली. 'कार्यक्रम खेळीमेळीच्या वातावरणात पार पडला' असं त्यात होतं. त्यानंतर मी परीक्षणं लिहिणं बंद केलं. संपादकांकडून दोन पुस्तकं आली, ती मी न उघडता परत पाठवली. त्यांनी दुसरं कुणीतरी शोधलं, त्यांना प्रसन्न लिहिता येत होतं. मी रागाने लिहिणं सोडलं याचं त्या पुरवणीला काही वाटलं असेल, असं मला वाटत नाही.

राहता राहिलं ते आहाराचं पुस्तक. मी वाचनालयात जाऊन ते काढून टाका म्हणून सांगितलं. ग्रंथपाल माझ्याच वयाचे, मितभाषी. त्यांनी मान हलवली. "कमिटी ऐकणार नाही, बाई. मागणी फार आहे. आणखी दोन प्रती आल्यात."

मी ते पुस्तक घरी आणलं आणि गोळ्यांच्या प्रकरणाच्या समासात पेनने ठळक अक्षरांत लिहिलं की डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळ्या बंद करू नका, माझ्या वडिलांचं बोट गेलं. खाली सही केली. आठवड्याने परत द्यायला गेले तेव्हा ग्रंथपालांनी नेमाप्रमाणे पानं चाळली आणि ते तिथे थांबले. पुस्तकात लिहिणाऱ्याचं सभासदत्व रद्द होईल, अशी पाटी त्यांच्या डोक्यामागेच होती. मी भांडायच्या तयारीने उभी होते.

त्यांनी सगळं वाचलं, पुस्तक मिटलं आणि ते परत आलेल्या पुस्तकांत ठेवलं.

"बाकीच्या दोन प्रती बाहेर गेल्यात," ते म्हणाले. "आल्या की कळवतो."