कोपरापुरती जागा

हे सगळं जग उजव्या हातांच्या माणसांनी आपसांत ठरवून उभारलं आहे, असं ठामपणे मानणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि दुबईच्या इंटरनॅशनल सिटीत त्याच्याबरोबर एका खोलीत राहण्याचा योग माझ्या नशिबी होता. कंपनी आमची एकच. मी अकाउंट्समध्ये, ते साठीला टेकलेले ड्राफ्ट्समन. फ्लॅटमधले आम्ही सगळे त्यांना काका म्हणायचो. काका चिपळूणचे आणि जन्माचे डावखुरे. बँकेत साखळीने बांधलेलं पेन त्यांच्या हातापर्यंत कधी पोचायचं नाही. चहाच्या पातेल्याची चोच त्यांना हटकून उलट्या बाजूला सापडायची. कुणी शेकहँडला हात पुढे केला की आधी डावा यायचा, मग घाईने उजवा, आणि समोरचा गोंधळून नमस्कार करून मोकळा व्हायचा. एकदा डाव्या हाताची कात्री शोधायला त्यांनी मला ड्रॅगन मार्टचा अख्खा चिनी बाजार पायाखाली घालायला लावला. शेवटी एका चिनी मुलीने साधीच कात्री त्यांच्या डाव्या हातात नीट बसवून दिली आणि म्हणाली, "सेम सेम! गुड!" काकांनी ती विकत घेतली. बाहेर आल्यावर मी काही बोलायच्या आत म्हणाले, "एवढ्या प्रेमाने कुणी फसवलं तर नाही कसं म्हणायचं रे?"

तरीही या देशावर त्यांचा जीव होता, आणि त्याची कारणंही त्यांची स्वतःचीच. इथे गाडीचं स्टिअरिंग डावीकडे. इथली लिपी उजवीकडून डावीकडे जाते. आयुष्यभर लिहिता लिहिता शाई पुसत गेलेला त्यांचा तळवा अरबी लिहिताना मात्र स्वच्छ राहायचा. "बघ, एक डाग नाही! हबीबी, ही भाषा कुणा डावखुऱ्यानेच काढलेली असणार." त्या आनंदात ते मराठीसुद्धा अरबी लिपीत लिहायला लागले. फ्रिजवर आणायच्या सामानाची चिठ्ठी त्यांनी तशीच लावली, तेव्हा ती वाचायला खालच्या पाकिस्तानी वॉचमनला वर बोलवावं लागलं. तो बराच वेळ डोकं खाजवत उभा राहिला आणि म्हणाला, "भाई, लसून तो समझ गया, ये कांदा-बिंदा क्या होता है?" काका मागे उभे राहून एखाद्या लेखकासारखे लाजत होते.

अडत होतं ते फक्त जेवणापाशी. शुक्रवारी अर्धी सुट्टी असायची. त्या दुपारी आम्ही सगळे हॉलमध्ये जमिनीवर वर्तमानपत्र पसरून दाटीवाटीने बसायचो. काकांचं डावं कोपर शेजाऱ्याच्या उजव्या कोपराला लागायचं. एकदा कुणाच्या तरी इस्त्रीच्या शर्टावर आमटी सांडली. तेव्हापासून काका स्वयंपाकघरात ओट्याशी उभे राहून जेवायला लागले. "तुम्ही बसा रे, मला इथे गरम गरम मिळतं," म्हणायचे. एकदा ताट विसळताना सहज बोलून गेले, "ही नेहमी माझ्या उजवीकडे बसायची. पहिल्या दिवसापासून. सांगावं लागलं नाही कधी." काकू जाऊन तेव्हा बरीच वर्षं झाली होती.

मग एका रमजानात कंपनीच्या अरब मालकांनी आम्हाला दुबईबाहेर, तासाभरापेक्षा लांब असलेल्या खलिफा सिटीतल्या घरी इफ्तारला बोलावलं. काकांपुढे प्रश्न उभा राहिला. एकच मोठं थाळं, सगळ्यांनी त्यातूनच खायचं, आणि तिथे डावा हात घालणं म्हणजे यजमानाचा अपमान. मग रोज संध्याकाळी ते उजव्या हाताने भात खायची प्रॅक्टिस करू लागले. निम्मा भात लुंगीवर. "साठीत पुन्हा एकदा उष्टावण चाललंय माझं," म्हणत स्वतःच हसायचे.

त्या दिवशी ते नेमके मालकांच्या म्हाताऱ्या वडिलांच्या शेजारी बसले. डावा हात मांडीखाली दाबलेला. उजव्या हाताने उचललेला भात तोंडापर्यंत जाईतो बोटांतून गळून जायचा. म्हातारबाबा बराच वेळ बघत होते. मग मोडक्या हिंदीत म्हणाले, "तुम उल्टा हाथ वाला?"

काकांचा चेहरा उतरला. "जी."

"मेरा माँ भी ऐसा," म्हातारबाबा हसले. त्यांनी मटणाचा मऊसा तुकडा तोडला, भाताबरोबर काकांच्या समोर सारला. "खाओ, खाओ." मग दुसरा, मग तिसरा. काका मान खाली घालून खात राहिले.

परतीच्या वाटेवर दुबईचे दिवे दिसू लागले. काका खिडकीकडे बघतच म्हणाले, "आज मला कुणीतरी वाढलं रे."

पुढच्या शुक्रवारी मी त्यांचं ताट पंगतीच्या अगदी डाव्या टोकाला, भिंतीलगत मांडलं. "काका, इथे बसा. कोपराला भिंतच आहे, ती काही शर्ट घालत नाही." आढेवेढे घेत बसले. त्या दिवशी ते इतके बोलले, की आमचे हात वाळले तरी कुणी उठेना. ती जागा मग त्यांचीच झाली. पण सुख लाभलं काही महिनेच. कंपनीने त्यांना निवृत्त केलं, व्हिसा संपला, आणि काका पुण्याला मुलीकडे राहायला गेले.

मुलगी-जावई चांगले आहेत. दोघं ऑफिसला, नात शाळेत. सहा खुर्च्यांचं मोठं टेबल आहे, हवी ती खुर्ची घ्या, असं काकाच सांगतात. शुक्रवारी दुपारी आम्ही वर्तमानपत्र पसरलं की त्यांचा फोन येतो. आम्ही तो स्पीकरवर टाकतो. "आज काय केलंय रे?" मी एकेक पदार्थ सांगतो आणि पलीकडून ताट सरकवल्याचा आवाज येतो. आमचे दोन वाजतात, तेव्हा पुण्यात साडेतीन झालेले असतात.

"काका, अजून जेवला नाहीत?"

"थांबलो होतो," काका म्हणतात. "तुमचं वाढून होऊ दे म्हटलं."