‘पोट्टी’ म्हणायचं नाही: बाबांसोबत पुण्यात दोन दिवस

ऑफिसात ‘फॅमिली डे’ची सूचना लागली आणि मी ठरवलं, यंदा बाबांना पुणं दाखवायचंच. बाबा वर्ध्याकडच्या एसटी डेपोत मेकॅनिक. आमच्या घरात पदवी घेतलेली मी पहिली. त्यांना आणायला मी स्वतः गेले.

येताना गाडीने दौंड सोडलं तेव्हा मी मनातलं बोलले. "बाबा, चारचौघांत मला पोट्टी म्हणू नका. भैताड तर नकोच."

आमच्याकडे पोट्टी म्हणजे मुलगी. पुण्यात ते ऐकून लोकांना लहान मुलांची ‘पॉटी’ आठवते. भैताड म्हणजे वेडा; बाबा तो शब्द बिघडलेल्या इंजिनला आणि लाडक्या माणसाला सारखाच वापरतात.

"बरं," बाबा म्हणाले.

स्टेशनवरून कर्वेनगरला, मी राहते तिथं, बस मिळते, पण सामान असेल तर रिक्षाच करा. आमची रिक्षा डेक्कनला अडकली. मी दोनदा उशीर होतोय म्हटल्यावर रिक्षावाले काका म्हणाले, "ताई, आपण चालत निघा. पोचलात की मला कळवा."

बाबा माझ्या कानाशी वाकले. "यानं शिवी देल्ली का?"

"नाही बाबा, इथं असंच बोलतात."

"मंग हे चालते?"

परतीच्या गाडीपर्यंत त्यांचं हेच सर्वांत लांब बोलणं. मिसळ खाल्ली (सत्तर रुपये, नऊच्या आत गेलात तर जागा मिळते), शनिवारवाडा पाहिला, पर्वती चढलो. बाबांचं आपलं ‘हो’, ‘नाही’, ‘बरं’. घरमालकीण काकूंनी विचारलं, "अहो, लेकीचं कौतुक वाटत असेल ना?" बाबा म्हणाले, "हो." एवढंच.

फॅमिली डेला हिंजवडीला जाताना मी त्यांना ऑफिसातल्या गमती सांगितल्या. परदेशी क्लायंट फोनवर असला की आम्हाला ‘फक्त’ म्हणायला बंदी, त्यांना ती शिवी वाटते. हैदराबादच्या मैत्रिणीला तर घरात डेंग्यूचं नावही जपून घ्यावं लागतं, तेलुगूत तशीच एक शिवी आहे म्हणून. एरवी बाबा पोट धरून हसले असते. तेव्हा खिडकीबाहेर बघत राहिले.

कार्यक्रमात प्रत्येक पालकाला मुलांबद्दल दोन शब्द बोलायचे होते. बाबांनी माइक धरला, माझ्याकडे पाहिलं, "धन्यवाद" म्हणाले आणि खाली बसले.

परतीच्या गाडीला त्यांना सोडताना मी न राहवून विचारलं, "बाबा, काहीच का नाही बोललात?"

"बोलू काय? माहे सारे चांगले शब्द त तूनंच काढून घेतले."

ते रागावले नव्हते, त्याचंच जास्त लागलं. तेवढ्यात गाडी हलली.

ऑफिसात घरचा फोन आला की मी जिन्यात जाऊन बोलते, माझी वऱ्हाडी कुणाच्या कानावर पडू नये म्हणून. दुसऱ्या दिवशी दुपारी बाबांचा फोन मी जागेवरच उचलला.

"पोचलो," बाबा म्हणाले. मग जरा अडखळत, "आपण जेवलात का?"

"जेवली न बाबा. अन् ‘आपण’ काहून म्हनता? तुमची पोट्टी आहो मी."

पलीकडून डेपोतला तो ओळखीचा आवाज, "भैताड!" आणि त्यामागून हसणं.

शेजारच्या दोघी वळून बघायला लागल्या. मी आवाज कमी केला नाही.