व्हर्लीन गवत कापायचं सोडते

बावीसशे अकरा नंबरच्या घरापुढचं गवत व्हर्लीन टब्सनं नऊ वर्षं कापलं. घर तिचं नव्हे बरं का! तिचं बावीसशे नऊ. शेजारच्या घराचा मालक कधीच परागंदा झालेला. पण ओहायोतल्या त्या गल्लीची रीतच तशी: घर ओस पडलं की शेजाऱ्यांनी त्याची राखण करायची. गवत कापायचं, नाताळात दाराला हिरव्या पानांचं कडं अडकवायचं. नाहीतर चोर तांब्याच्या नळांसाठी घुसतात, आणि मग आग लागायला कितीसा वेळ?

मोटारींच्या सीटा शिवण्यात व्हर्लीनची हयात गेलेली. अर्धवट काम तिला ठाऊकच नव्हतं. खिडक्यांवर ठोकलेल्या फळ्यांवर तिनं पडदे रंगवले, पडद्यांपुढे लाल फुलांच्या कुंड्याही रंगवल्या.

आतून मात्र घर पार कुजलं होतं. मागचं छप्पर बसलं होतं आणि विटांचं उंच धुराडं थेट तिच्या निजायच्या खोलीवर कललं होतं. दोन हिवाळे ती बैठकीतल्या सोफ्यावर झोपत होती, स्वतःच्या घरात पाहुण्यासारखी.

अखेर पडकी घरं पाडायला सरकारनं पैसे दिले. यादी लागली, तर तीत बावीसशे अकरा नाहीच! व्हर्लीन तरातरा कचेरीत गेली.

"मिस व्हर्लीन, त्या घरात माणसं राहतात," खिडकीतली मुलगी म्हणाली.

"माणसं? घुशी म्हण, घुशी!"

मुलीनं फोटो दाखवला. पडकी घरं तपासणाऱ्या निरीक्षकबाईंनी तो गाडीतूनच काढलेला. कापलेलं गवत, पडदे, कुंड्या. व्हर्लीनचा चेहरा खर्रकन उतरला. सगळं तिच्याच हातचं होतं.

"पंधरा सप्टेंबरला बाईंची शेवटची फेरी आहे. तीत हे घर यादीत आलं तर आलं. त्यानंतर पैसे नाहीत."

समोर राहणारा ओडेल गेन्स, रिटायर झालेला बस ड्रायव्हर, हे ऐकून पोट धरून हसला. "अगं, नवरीसारखं नटवलंस तूच! आता उतरव तिचा साज."

तिनं उतरवला. फळ्यांवर करडा रंग फासला आणि गवताला हात लावायचा नाही असं ठरवलं. काय सांगू तुम्हाला, बाईचा जीव नुसता तळमळला! जुलैत गवत गुडघ्याला लागलं, ऑगस्टमध्ये कमरेला. चर्चमधल्या बायका कुजबुजायला लागल्या, "व्हर्लीन थकली गं बिचारी." सरकारला फसवतेय असं कोणाला वाटायला नको, म्हणून तिनं ओडेलशिवाय कोणालाच काही सांगितलं नव्हतं.

आणि नेमकं तेच अंगाशी आलं. पंधरा तारखेला सकाळी चर्चचे कारभारी, डीकन लूशस, गवत कापायचं यंत्र घेऊन हजर. "मिस व्हर्लीन, तुम्ही आराम करा. आम्ही आहोत ना!"

"खबरदार!" व्हर्लीन चपला न घालताच धावली आणि यंत्रापुढे त्या रानात फतकल मारून बसली. "आधी माझ्यावरून न्या!"

"बाई, बरं आहे ना तुम्हाला?"

"ठणठणीत आहे! एका पात्याला हात लावाल तर याद राखा!"

ती बोंबाबोंब ऐकून निरीक्षकबाईंची गाडी थांबली. या खेपेला त्या खाली उतरल्या. गवत तुडवत घराच्या मागं गेल्या आणि परत आल्या तेव्हा त्यांचा चेहरा पांढरा पडला होता.

"त्या धुराड्याखालच्या खोलीत कोण झोपतं?"

"मी झोपायची," व्हर्लीन गवतातूनच म्हणाली.

बाईंनी तिथंच उभ्या उभ्या पाडकामाचा लाल कागद दारावर चिकटवला.

ऑक्टोबरात पाडकामाचं यंत्र आलं. सगळी गल्ली खुर्च्या टाकून बसली, ओडेलनं मासे तळले. आधी धुराडं अलगद पलीकडे ओढून घेतलं, मग तासाभरात घर भुईसपाट. गल्लीनं टाळ्यांचा कडकडाट केला. व्हर्लीन हसली, रडली आणि भर दुपारी आपल्या खोलीत जाऊन पलंगावर आडवी झाली. खिडकीतून ऊन थेट उशीवर आलं होतं. ती संध्याकाळपर्यंत गाढ झोपली.

मोकळी जागा शहरानं शेजारीण म्हणून तिच्याच नावावर केली. वसंतात तिथं कोवळं गवत उगवलं. डीकन लूशस गवताचं यंत्र घेऊन आले, तर तिनं ते त्यांच्या हातातून काढून घेतलं.

"जपून गं!" ओडेल समोरून ओरडला. "कचेरीवाले पुन्हा म्हणतील, इथं कोणीतरी राहतंय!"

"म्हणू देत की!" व्हर्लीननं यंत्र सुरू केलं. "राहतेच आहे मी!"