उलटा छापलेला कणा

आमच्या ॲनाटॉमीच्या सरांनी आयुष्यात एकही माणूस नुसता बाहेरून पाहिलेला नाही. वॉचमननं सलाम केला तरी त्याच्या खांद्यातला कुठला स्नायू ताणला गेला, हे ते त्याला थांबवून सांगतात. मुलुंडच्या आमच्या फिजिओथेरपी कॉलेजात थ्रीडी प्रिंटर आल्यापासून तर त्यांच्या पिशवीत जेवणाच्या डब्याशेजारी एखादं प्लास्टिकचं मूत्रपिंड असतंच. एकदा छापलेलं यकृत त्यांनी भाजीवालीच्या काट्यावर ठेवलं आणि हिरमुसून म्हणाले, "छे, खरं किती जड असतं!" ती म्हणाली, "मग खरं घेऊन या, नायतर भेंडी घ्या. गिऱ्हाईक खोळंबलंय." मोठ्या पडद्यावरच्या डिजिटल देहाची कातडी बोटानं बाजूला सारताना ते हळूच "सॉरी हं" म्हणतात. मात्र प्रिंटर चुकला, असं त्यांच्यासमोर बोलायची सोय नाही. जबड्याशिवाय कवटी निघाली, तेव्हाही दोष विजेचाच होता.

माझा कणा वाकडा आहे. मी सैल कुडते घालते, शेवटच्या बाकावर बसते. वर्गात कोणाला ठाऊक नाही. शिकवण्यासाठी सरांना खरा स्कॅन हवा होता, म्हणून मी माझा दिला. "नाव कुठेही येणार नाही," ते म्हणाले होते.

तो कणा छापून त्यांनी वर्गात टेबलावर ठेवला. "बघा, वरचं वळण डावीकडे! सहसा उजवीकडे असतं. असं दिसलं की आत आणखी काही आजार आहे का, ते शोधायचं." सगळे भराभर लिहून घेऊ लागले. पण माझं वळण उजवीकडेच आहे. छापताना आरशातल्यासारखी बाजू उलटली होती. गप्प बसले असते, तर अख्खा वर्ग चुकीचं शिकला असता. हात वर केला.

"सर, मॉडेल उलटं छापलंय."

पुढच्या बाकावरचा एकजण वळून हसला. "तुला काय माहीत? तुझं आहे काय?"

सरांनी माझ्याकडे पाहिलं आणि घाईनं म्हणाले, "चूक माझी. फाईल तपासलीच नाही मी. ती नीट बघते, तू बघत नाहीस, एवढंच!"

"सरांचा प्रिंटर चुकला रे!" कोणीतरी ओरडलं आणि वर्ग खदखदून हसला. सरही हसले, अवघडून. मी मान खाली घालून ते हसू ऐकत बसले. कणा माझा आहे, हे तेव्हाही सांगितलं नाही.

नवा कणा छापल्यावर त्यांनी आधी मला बोलावलं. "आता बरोबर?" परीक्षेला बसल्यासारखं विचारलं. मी मान हलवली. माफी मागावी की आभार मानावेत, कळेना. त्यांनी तो माझ्या हातात ठेवला आणि खिडकीशी जाऊन पाठमोरे उभे राहिले. मला बघून होईपर्यंत वळले नाहीत.