जर्मन बाजाला फ्रेंच माउथपीस

माझ्या जुन्या जर्मन बास क्लॅरिनेटसाठी मी फोटो बघून फ्रेंच माउथपीस, म्हणजे तोंडात धरून फुंकायचा तुकडा, मागवला आणि बसेना म्हणून खोबरेल लावून ठोकला. तो अडकला. दोन दिवसांवर रहिमतपूरला बायकोच्या माहेरी मेहुण्याची साठी, आणि तिथं वाजवायचं मी कबूल करून बसलेलो.

सांगलीत बँडची वाद्यं दुरुस्त करणारे एक म्हातारबा भेटले. तान्ह्या बाळाची मूठ सोडवावी तसा त्यांनी माउथपीस अलगद सोडवला.

"आवं, ह्याचं माप न्यारं, त्याचं न्यारं. ठोकून बसंल, पर सुरात बोलंल व्हय?"

मग बिस्किटाच्या डब्यातून एकेक जर्मन माउथपीस काढून त्यांनी मला फुंकायला लावलं. स्वतः भिंतीकडं तोंड करून ऐकायचे. बेसूर लागला की नुसता खांदा उडवायचे. चौथ्याला खांदा हलला नाही. तो त्यांचा स्वतःचा होता.

"न्या. माझं दात गेलं, आता फुंक धरत न्हाई. तुमी दात हायती तवर वाजवून घ्या."

साठीत वाद्य अगदी सुरात बोललं; ताल तेवढा माझा नेहमीसारखा चुकला. मी ऐटीत बायकोकडं पाहिलं.

ती म्हणाली, "इतकी वर्षं माहेरी सांगत आले, वाद्यच बिघडलंय म्हणून. आता काय सांगू?"