दलदलीची राणी

दातांच्या लॅबमध्ये ताईंचं काम एकच, नव्या दाताला शेजारच्या दाताचा रंग द्यायचा. पांढरा म्हणजे नुसता पांढरा नसतो, हे त्यांनी झोपेतसुद्धा सांगितलं असतं. चहाबाजाचा दात निराळा, सिगारेट ओढणाऱ्याचा निराळा. दात असा जुळवत की बसवून घेतलेल्या माणसाला स्वतःलाच आठवावं लागे, यातला नवा कुठला. लोक त्यांना दातवाल्या ताई म्हणत.

घरी खिडकीपाशी त्यांचं दुसरं टेबल होतं. तिथे त्या अंगठ्याएवढे राक्षस, चेटकिणी, पंखवाले घोडे रंगवत. टेबलावर मांडून खेळायच्या काल्पनिक लढायांमधल्या या चिमुकल्या मूर्ती. भाच्याचा एक तंगडीमोडका राक्षस दुरुस्त करून दिला, तिथून सुरुवात झाली. मग खेळणारे लोक आपापल्या फौजा घेऊन दाराशी यायला लागले.

एक दिवस लॅबच्या इमारतीतली लिफ्ट सांभाळणारे गृहस्थ आले. सगळे त्यांना लिफ्टवालेच म्हणत. त्यांनी खिशातून पत्र्याची डबी काढली, आतला कापूस बाजूला केला. धातूची एक बाई होती. डोक्यावर हरणासारखी शिंगं, हातात कंदील, झगा गुडघ्यापर्यंत भिजलेला.

"दलदलीची राणी," ते म्हणाले. "माझ्या मुलीची. रंगवायला घेतली होती, तेवढ्यात हे झालं."

'हे' म्हणजे काय ते इमारतीत सगळ्यांना ठाऊक होतं. मुलगी बालवाडीत शिकवायची. वर्गातच कोसळली. डोक्यात रक्तस्राव झाला होता. जीव वाचला, पण उजवा हात गेला तो गेलाच. आता बरीच सुधारली होती आणि थोड्याच दिवसांत इस्पितळातून घरी येणार होती.

"ती यायच्या आत पुरी कराल का? खाली दलदलबिलदल पण करा. टेबलावर ठेवीन. बघून हरखेल पोरगी."

ताईंनी डबी घेतली, टेबलावर ठेवली आणि कामाला गेल्या.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्या घरात पाय ठेवतात तोच फोन वाजला. लिफ्टवाले होते.

"ताई, एक सांगायचं राहूनच गेलं. तिचे बूट आणि कंदिलाचा हात, एवढं तसंच ठेवा. ते तिनं रंगवलंय. म्हणजे, उजव्या हातानं. आता तसं पुन्हा काही..."

"हो, हो," ताई म्हणाल्या आणि बोलता बोलताच टेबलाकडे वळल्या. डबी उघडी होती. आत नुसता कापूस होता. शेजारी वर्तमानपत्रावर राणी उभी होती, डोक्यापासून पायापर्यंत चकचकीत, भांडं घासून काढावं तशी. बाजूला जुना टूथब्रश.

ताईंचे यजमान शाळेच्या प्रयोगशाळेतून निवृत्त झाले होते. काचेच्या नळ्या धुण्यात आयुष्य गेलेला माणूस, घरी स्वस्थ बसवत नसे. ते आतून हात पुसत आले.

"जुना रंग काढायच्या बाटलीत घातली होती. तू नेहमी काढतेस ना? म्हटलं, तेवढंच तुझं काम हलकं."

ताई खुर्चीवर बसल्या. बंद झालेला फोन अजून हातातच होता. मग हळूहळू सगळं सांगितलं. ऐकता ऐकता यजमानांचं तोंड उतरलं. ते पुन्हा आत गेले आणि धुतलेलाच ब्रश परत धूत बसले.

ताईंच्या मनात पहिला विचार आला तो अगदी सरळ होता. रंग जुळवणं हा तर आपला धंदा. डबी उघडली तेव्हा बूट नीट पाहिले होते. शेवाळी हिरवा, दाट थापलेला, टाचेपाशी ब्रशाचा एक केस चिकटलेला. तसाच रंग पुन्हा द्यायचा. कुणाच्या बापाला कळणार नाही.

हा शब्द मनात आला आणि त्या चपापल्या. बापालाच तर कळू द्यायचं नव्हतं.

तरी प्रयत्न केला. हिरवा अगदी तोच जमला, पण थर सुबक बसला. पुसला. मुद्दाम जाड लावला, तर ते सोंग वाटायला लागलं. डाव्या हातानं लावला, तर दारुड्यानं लावल्यासारखा दिसला. नवशिक्या माणसाच्या चुकांत एक जीव ओतलेला असतो, तो काही केल्या येईना. शेवटी त्यांनी राणी पुन्हा साफ केली आणि डबीत ठेवली.

तेव्हापासून त्यांचा जीव थाऱ्यावर नव्हता. लॅबमध्ये एक दात भलताच पिवळा झाला. मालकांनी तो उजेडात धरला आणि विचारलं, "ताई, हा आजोबांचा की नातवाचा?" एरवी त्या हसल्या असत्या. लिफ्टवाल्यांची गाठ पडू नये म्हणून त्या जिन्यानं ये-जा करू लागल्या. तर नेमकी लिफ्ट तेलपाण्यासाठी बंद, आणि ते जिन्यातच पाने-पकडी पसरून बसलेले.

"जिन्यानं कशा?"

"गुडघ्यांना जरा व्यायाम."

"तिची खोली आवरून ठेवली," ते म्हणाले. "दिवासुद्धा नवा आणलाय, राणीवर बरोबर उजेड पडेल असा."

सांगायची वेळ हीच होती. ताईंनी तोंड उघडलं आणि म्हणाल्या, "छान." मग उरलेला जिना त्या जवळजवळ पळतच चढल्या.

हात रिकामे राहू नयेत म्हणून त्यांनी बेस, म्हणजे राणीच्या पायाखालची दलदल, करायला घेतला. बुचाचे तुकडे तोडून खडक केले. वाळवलेल्या चहापत्तीची माती, झाडूच्या काड्यांची लव्हाळी. मग पारदर्शक रसायन ओतून पाणी केलं. ते सुकेपर्यंत बोट लावायचं नसतं. ताईंनी वर भांडं उपडं घातलं आणि दर थोड्या वेळानं उचलून बघत राहिल्या. पाणी सुरेख झालं. त्यानं तर त्यांना जास्तच भरून आलं, कारण त्यावर उभी करायची बाईच उघडी पडली होती.

"मी जाऊन सांगतो," यजमान म्हणाले. "चूक माझी आहे."

"वस्तू माझ्या हाती दिली होती," ताई म्हणाल्या. "मीच जाते."

मुलगी घरी आल्याचं कळलं तशा त्या डबी आणि बेस घेऊन निघाल्या. काय बोलायचं ते वाटेत घोकून ठेवलं होतं. पण दार मुलीनंच उघडलं. सडपातळ, केस बारीक कापलेले, उजवा हात पोटाशी झोळीत. मागून लिफ्टवाले लगबगीनं आले, तोंडभर हसत. ताई सगळी घोकंपट्टी विसरल्या.

"तुमच्या राणीचा रंग गेला," त्यांनी दारातच सांगून टाकलं. "बूट, हात, जे तसंच ठेवायला सांगितलं होतं, तेही. आमच्या घरी धुतला गेला. चुकून. मी पुन्हा करून बघितला, नाही जमला."

लिफ्टवाल्यांचं हसू तिथेच थांबलं. मुलगी डबीकडे बघत राहिली.

"माझी राणी तुमच्याकडे कशी?"

"मी दिली होती," बाप म्हणाला. "पुरी करायला. तुला गंमत म्हणून."

"मला न विचारता?"

"अगं, आता तुला कुठे..."

"आणि बूट तसेच ठेवणार होतात. आठवण म्हणून." तिचा आवाज चढला नाही. "बाबा, हात गेलाय. मी नाही गेले."

लिफ्टवाले स्टुलावर बसले, तोंडावर रुमाल धरून. ताईंना वाटलं, जमीन दुभंगावी आणि आपण आत जावं. आगीत तेल आपणच ओतलं. बापाचा एवढा राखून ठेवलेला तुकडा पुसला, वर पोरीसमोर त्याला उघडंही पाडलं. त्या जायला वळल्या.

"थांबा," मुलगी म्हणाली. तिनं डाव्या हाताच्या बोटानं बेसवरचं पाणी चाचपलं. "हे ओलं नाही?"

"नाही. वाळलंय."

"कसं केलं?"

ताईंनी सांगितलं. मुलगी ऐकत होती, पण नजर बापाकडे होती. मग ती त्यांच्याजवळ गेली, खांद्यावर हात ठेवून थोडा वेळ नुसती उभी राहिली.

"बेस ठेवा," ती वळून म्हणाली. "राणी मी रंगवणार. पण एका हातानं धरू कशी आणि रंगवू कशी, तेवढं सांगा."

याचं उत्तर ताईंपाशी होतं. लॅबमध्ये दात धरायला जड ओतीव ठोकळे असत. दुसऱ्याच दिवशी त्या एक घेऊन गेल्या, राणी त्यावर चिकटवली, ठोकळा टेबलाला आवळला. मुलीनं डाव्या हातात ब्रश घेतला. टोक कापत होतं. पहिलाच ठिपका डोळ्यावर जायचा तो गालावर गेला. लिफ्टवाल्यांना बघवेना, ते स्वयंपाकघरात गेले, पण तिथूनही त्यांचा खोकला ऐकू येत होता. ताईंचा हात आपोआप पुढे झाला. मुलीनं नुसतं वर पाहिलं. ताईंनी दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले.

पुढे त्या लॅब सुटली की तिथे जाऊ लागल्या. राणी पुरी व्हायला फार दिवस लागले. कधी चिडून मुलगी ब्रश फेकी, कधी बापच ताईंना जिन्यात गाठून विचारी, "जमेल ना हो तिला?" आणि त्यांना छातीठोक काही सांगता येत नसे.

झाली तेव्हा मुलीनं विचारलं, "खरं सांगा, कशी आहे?"

ताईंनी भिंग लावून पाहिलं. खोटं बोलायची पुन्हा हिंमत नव्हती. "एक डोळा वर गेलाय. झगा मात्र ओलाच वाटतो, तसा मलाही जमला नसता."

"डोळा राहू दे," मुलगी दलदलीचा बेस जवळ ओढत म्हणाली. "बाबा, गोंद आणा."