उभ्यानं सुतारकाम

विहिरीवर मोटेचं चाक बसवताना मी आडव्या लाकडावरून घसरलो. पाण्यात पडलो असतो तर बरं झालं असतं, पडलो ते काठाच्या दगडावर. हाड जुळलं, पण उजवा गुडघा काही केल्या वाकेना. निजामाच्या राज्यात, वडीगोद्रीच्या अलीकडच्या आमच्या गावात सुतार म्हणजे जमिनीवर उकिडवा बसून काम करणारा माणूस. बसता न येणारा सुतार कुणी पाहिलाच नव्हता.

वडलांना मी दादा म्हणायचो. दादांनी मला ओट्यावर पाय पसरून पटाश्यांना धार लावायचं काम दिलं. महिनाभर मी तेवढंच केलं. गावात एकही बोथट पटाशी उरली नाही, आणि मी घरातल्या सगळ्यांवर खेकसायला लागलो. पेरणीआधी गावचे वखर आणि तिफणी दुरुस्तीला येणार होत्या. त्या वेळी मी नुसता बघत बसलो, तर पुढं जन्मभर बघतच बसणार, ही धास्ती माझ्या मनातून जाईना.

मग कुणीतरी सांगितलं की जालन्याच्या एका जिनिंग कारखान्यात सुतार उभ्यानं काम करतात, कमरेएवढ्या उंच टेबलावर. त्यांचं एक जुनं टेबल विकायचंही होतं. आम्ही बैलगाडी जुंपून गेलो. टेबल बघितलं आणि मी तर खुळाच झालो. दादांनी ते खालून-वरून ठोकून पाहिलं. कडेला एक लोखंडी जबडा होता, दांडा फिरवला की मिटायचा. दादांनी तो दोनदा फिरवला.

"हे कशाला? लिंबं पिळायला?" ते म्हणाले.

तिथला मिस्त्री पलीकडे करवत चालवत होता. त्याला विचारता आलं असतं. पण सुतारानं सुताराला विचारायचं म्हणजे कमीपणा, आणि कमीपणा आमच्या घरात कुणालाच सोसत नसे. मिस्त्रीच आपणहून ओरडला, "बिलकुल पक्कं हाय, दादा. जल्दी सांगा, दुसरं गिऱ्हाईक येऊन राह्यलं."

"सांगतो," म्हणून दादा गाडीत जाऊन बसले.

परतीच्या वाटेवर आमचं भांडण जुंपलं.

"सुताराच्या घरात लाकडाची वस्तू इकत आणली तर गाव तोंडात शेण घालंल," दादा म्हणाले.

"इकत आणलं तर उद्या काम सुरू हुईल. बनवायचं तर आधी खाली बसावं लागंल. मी कुठं बसू?"

"मंग मी मेलो का?"

हे तीन दिवस चाललं. चौथ्या दिवशी माय भाकरी थापता थापता म्हणाली, "तुम्ही बापलेक जेवढा वेळ भांडून राह्यले, तेवढ्यात दोन टेबलं झाली असती." ते खरंच होतं. दादा उठले आणि गोठ्यातून बाभळीचं खोड ओढून आणलं. नव्या गाडीसाठी म्हणून ते खोड त्यांनी कैक वर्षं कुणाला हात लावू दिलं नव्हतं.

पुढचे आठ दिवस फार मजेत गेले. दादा खाली बसून तासायचे, मी उभा राहून खुणा करायचो. उंची मोजायला त्यांनी मला भिंतीशी उभं केलं आणि माझ्या कमरेशी कोळशाची रेघ ओढली. लहानपणी उंची मोजायचे तशी. टेबल असं दणकट झालं की चार माणसांनी उचलून अंगणात आणलं. नारळ फुटला. अर्धं गाव गोळा झालं. मी फळी ठेवली, रंधा धरला आणि महिनाभराचा सगळा राग काढून जोरात रेटला.

फळी सपकन पुढं गेली, टेबलावरून उडाली आणि शेजाऱ्याच्या शेळीपुढं जाऊन पडली. मी पुन्हा ठेवली. पुन्हा उडाली. लोक हसून लोळायचे बाकी राहिले. मला रडू आलं. टेबल झालं, नारळ झाला, आणि माझ्या हातून काम काही होईना.

दादा मात्र आपल्या पायांकडं बघत होते. एकदम मांडीवर थाप मारून ओरडले, "अरं, पाय! पाय करायचा राह्यला की!"

जमिनीवर काम करताना लाकूड आम्ही पायानं दाबून धरतो. पिढ्यान्पिढ्या धरलं. पण पाय हे हत्यार आहे हे कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं, कारण ते कधी पेटीतून काढावं लागलं नाही. जालन्याचा तो लोखंडी जबडा म्हणजे पायच होता, आणि आम्ही त्याच्यात लिंबं पिळत होतो!

दादा धोतर खोचून टेबलावर चढले, उकिडवे बसले आणि फळीवर पाय रोवला. "हाण आता!"

मी रंधा रेटला. बाभळीचा पहिला लांब छिलका दादांच्या पायापर्यंत गेला. इतका आनंद मला लग्नातही झाला नव्हता. त्या पेरणीचे सगळे वखर आम्ही असेच दुरुस्त केले, बाप टेबलावर आणि लेक जमिनीवर. माय म्हणायची, देव मखरात बसलाय.

पावसाळ्यात दादांनी टेबलाला एक भोक पाडलं आणि त्यात बसणारी खुंटी केली, फळी अडवून धरायला. साधी खुंटी चालली असती. पण त्यांनी तिला पावलाचा आकार दिला. पाच बोटं, अंगठ्याला नख, आणि दुसरं बोट अंगठ्यापेक्षा लांब, त्यांचं स्वतःचं होतं तसंच.

खंडेनवमीला हत्यारांची पूजा झाली. दरवर्षी जमिनीवर पाटावर मांडायची हत्यारं त्या वर्षी टेबलावर मांडली होती. दादांनी वाकसाला हळदकुंकू लावलं, करवतीला, रंध्याला, मग त्या लाकडी पावलाला. मला वाटलं, झालं. तर ते खाली वाकले आणि तेच हळदीचं बोट माझ्या ताठ गुडघ्याला लावलं, कुंकू लावलं, हातही जोडले. मी दोन दिवस पाय धुतला नाही.